आठने भागा

नवी जोडणी घरात आली की पहिल्याच संध्याकाळी माणूस एखादी जाडजूड फाइल उतरवायला लावतो आणि खुर्ची पुढे ओढून बसतो. पैसे मोजलेत १०० एमबीपीएसचे. वेगाच्या रकान्यातला आकडा थरथरतो, चढतो, दम खातो आणि ११.३ वर येऊन ठिय्या देतो. माणूस वायर हलवून पाहतो. राउटर बंद करून चालू करतो. बायकोला मोबाइल बाजूला ठेवायला सांगतो (त्यातून घरात जो वेग निर्माण होतो, तो मोजायचं एकक अजून निघालेलं नाही). शेवटी केबलवाल्याच्या पोराला फोन जातो आणि तिकडून सरावलेला, शांत आवाज येतो, "काका, आठने भागा."

भागलं. साडेबारा आले. पण समोर तर ११.३ आहेत. पुन्हा फोन. आता आवाज जरा कंटाळलेला. "काका, तेवढं जातंच."

तेवढं जातंच, हे वाक्य शेतकऱ्याला नवीन नाही. बाजार समितीत कांदा नेला की हातात पट्टी पडते. वरच्या ओळीत वजन, भाव आणि त्यांचा दिमाखदार गुणाकार. खाली हमाली, तोलाई, वाराई अशा ओळी उतरत जातात आणि तळाला उरलेला आकडा घरी येतो. इंटरनेटच्या वेगालाही अशी पट्टी असते. ती कुणी हातात देत नाही एवढंच, म्हणून आपणच मांडून पाहू. तारेवरून माहिती जाते ती पुडक्यांतून, आणि एका पुडक्यात १,५०० बाइट मावतात. त्यातले २० पत्ता लिहिण्यात जातात, आणखी २० पोचपावतीच्या व्यवहारात. आपला माल राहिला १,४६०. पुडक्याला वरून १४ बाइटांचं वेष्टण, ४ बाइट तपासनिसाचे, पुढे ८ बाइट नुसती "आलो, आलो" अशी वर्दी द्यायला. शिवाय दोन पुडक्यांच्या मध्ये १२ बाइट गेले असते इतका वेळ तारेनं गप्प बसायचं, असा नियमच आहे. महिन्याच्या बिलात आपण त्या शांततेचेही पैसे भरतो, आणि शाळकरी मुलं असलेल्या घरात विकत मिळणारी ती एकमेव शांतता असावी.

बेरीज १,५३८. त्यातले आपले १,४६०. शंभरातले ९४.९ उरले, त्यांना आठने भागून ११.९. मग आपला विंडोजवाला संगणक तोच आकडा हजारऐवजी १,०२४ च्या मापानं मोजतो आणि ११.३ दाखवतो. पट्टी जुळली. चोरी कुणीच केली नाही.

निदान या पट्टीत तरी नाही. चोरी पुढे आहे.

या सगळ्या घोळाच्या मुळाशी दोन जमाती आहेत: पाठवणारे आणि साठवणारे. पाठवणारे म्हणजे तारवाले, टेलिफोनवाले. त्यांच्या तारेतून खुणा एकामागून एक जातात, म्हणून ते सुटे बिट मोजतात, दर सेकंदाला मोजतात, आणि त्यांचा हजार हा हजाराचाच असतो. साठवणारे म्हणजे टेपवाले, फ्लॉपीवाले, डिस्कवाले. त्यांना कप्पे भरायचे असतात, म्हणून ते बाइट मोजतात आणि त्यांचा हजार सोयीप्रमाणे १,०२४ चा होतो. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं तर जग सुखी राहिलं असतं. पण संगणकाला टेलिफोनची तार जोडायचं कुणाच्या तरी मनात आलं.

माझ्या सुदैवानं दोन्ही जमातींचा एकेक नमुना मला रोज भेटतो. शेजारचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते बाइट हा शब्द उच्चारत नाहीत. आणि माझा भाचा लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याला बिट म्हणजे ढोलताशाच्या तालातला एवढंच ठाऊक. हे दोघं एकाच सोफ्यावर बसले आणि मध्ये वेगाचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठतो, कारण तो विषय चहा होईपर्यंत संपत नाही.

आता आठाबद्दल. आठाला आपण पाढ्यांतून पूज्य मानतो, पण बाइटाच्या बाबतीत तो बराच उशिरा कायम झाला. बिट हा शब्द क्लॉड शॅननच्या १९४८ च्या निबंधात आला; त्यानं श्रेय जॉन टुकीला दिलं. बाइट हा शब्द वर्नर बुखहोल्ट्झ यांचा, १९५६ सालचा, आयबीएमच्या स्ट्रेच नावाच्या संगणकाच्या आखणीतला. त्या यंत्रात बाइट एका बिटापासून आठ बिटांपर्यंत कितीचाही असू शकत होता. इतर कित्येक यंत्रांत अक्षर सहा बिटांचं होतं. १९६४ मध्ये आयबीएमनं सिस्टिम/३६० आणली, तिच्यात आठाचा बाइट होता, ती अफाट खपली आणि आठ रूढ झाले. तोवर पाठवणाऱ्यांचा विश्वास उडालेला होता. साठवणाऱ्यांचा बाइट आज आठाचा, उद्या सहाचा, यांच्या नादी कोण लागणार? म्हणून त्यांनी आपल्या कागदोपत्री ऑक्टेट असा शब्द घातला: आठ म्हणजे आठच. फ्रेंच मंडळी अजूनही फाइलचा आकार ऑक्टेटमध्ये सांगतात. इंग्रजीवाले छोटा बी आणि मोठा बी यांच्या आकारावरून ओळखतात की बिट आहे की बाइट. आपल्या देवनागरीत लहानमोठं काही नाही. एमबी म्हणजे एमबी. जाहिरातदारांना ही समता फार आवडते.

काकांची जमात वयानं मोठी. तिचा मूळपुरुष एमिल बोदो, फ्रेंच तारखात्यातला. त्यानं १८७४ मध्ये पाच-पाच खुणांच्या संकेतावर चालणाऱ्या तारयंत्राचं पेटंट घेतलं. पाच पट्ट्यांवर बोटं चालवायची, पेटी वाजवल्यासारखी, आणि त्यातून ३२ जुळण्या. त्याच्या नावानं बॉड हे एकक आलं. तारेवरची खूण सेकंदाला किती वेळा बदलते, ते म्हणजे बॉड. एक खूण एकच बिट नेत होती तोवर बॉड आणि बिट सख्ख्या भावांसारखे राहिले. बेल कंपनीचा १९६२ चा मोडेम ३०० बॉडचा होता आणि ३०० बिटांचाही. पुढे अभियंत्यांना शोध लागला की एकाच खुणेच्या पाठीवर चार-चार बिट बसवता येतात (एसटीच्या टपावरून प्रवास केलेल्याला यात नवल वाटू नये). म्हणजे सेकंदाला २,४०० खुणा, प्रत्येकीवर चार बिट, झाले ९,६००. हा मोडेम खरं तर २,४०० बॉडचा. पण दुकानदार, गिऱ्हाईक आणि छापील पुस्तकं, सगळे त्याला ९,६०० बॉडचा म्हणत राहिले. काकांना हे ऐकवत नाही. कुणी "छप्पन हजार बॉड" म्हणालं की ते डोळे मिटून घेतात.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधला खरा, पण स्वातंत्र्य टेलिफोनच्या तारेतून यायचं होतं, आणि तारेत ९,६०० बिट. आठने भागा? चुकलं. इथे दहाने भागायचं. कारण संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या तारेवर प्रत्येक बाइटाच्या आधी एक बिट "सुरू" म्हणून जातो आणि शेवटी एक "संपलं" म्हणून. आठाच्या मालाला दोघांचा पहारा. म्हणून ९,६०० बिट म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, १,२०० नव्हेत. त्याआधीच्या टेलिटाइप यंत्रात तर अकराने भागावं लागे, कारण तिथे "संपलं" दोनदा सांगायचं असे. लोखंडी दांडे थांबून पुढच्या अक्षराला तयार व्हायला तेवढा वेळ घेत. ११० बॉड, भागिले ११, सेकंदाला १० अक्षरं. इतका सरळ हिशेब त्या क्षेत्रात पुन्हा कधी झाला नाही.

ही अक्षरं अर्थात इंग्रजी. मराठीची हमाली वेगळी. आज ज्या यूटीएफ-८ पद्धतीनं मराठी मजकूर जातो, तीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात: व्यंजनाला तीन, काना-मात्रेला तीन, पाय मोडायच्या हलन्तालाही तीन. ही पद्धत ३०० बॉडच्या काळात नव्हती, पण असती तर काय झालं असतं हे काढायला कोण अडवतंय? "ज्ञानेश्वर" या नावात चिन्हं १०, म्हणजे बाइट ३०, पहारेकऱ्यांसकट बिट ३००. बरोबर एक सेकंद! माउलींचं नाव आणि बेलचा मोडेम यांचा हा योग मला तरी फार आवडला. "कोल्हापूर" ०.९ सेकंदात गेलं असतं, "मुंबई" अर्ध्या सेकंदात आणि "पुणे" ०.४ मध्ये. पुण्यानं इथेही काटकसर केली आहे, हे पुणेकर स्वतःहून सांगतील. प्रस्तुत लेख मात्र तारेवरून पलीकडे पोचायला साधारण पंचवीस मिनिटं लागली असती. वाचायला त्याहून कमी लागतात. म्हणजे वाचणारा दर वाक्याला लिहिणाऱ्याची वाट पाहत बसला असता, आणि मराठी साहित्यात ते अगदीच अपरिचित नाही.

काकांचा खरा अभिमान मात्र मोडेम नव्हे. मोडेम ही त्यांच्या मते गिऱ्हाइकाच्या दारातली खेळणी. त्यांची दौलत म्हणजे एक्स्चेंज आणि एक्स्चेंज यांच्यामधली जोडणी, जिला खात्यात सगळे "टू एमबी" म्हणत. "अमुक गावाला टू एमबी दिलं", "टू एमबी पडलं होतं, रात्री दोनला उठवलं", अशी त्यांच्या आठवणींची सुरुवात होते. भाचा एकदा म्हणाला, "दोन एमबी? एक फोटो पण जायचा नाही त्यात." काकांनी चष्मा काढला.

"अरे, तीस माणसं एका वेळी बोलायची त्यावर. तीस!"

हे खरं आहे. माणसाचा आवाज अंकांत बदलायचा तर सेकंदाला ८,००० वेळा नमुना घ्यायचा आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहायचा. गुणाकार ६४,०००. एक फोन म्हणजे ६४ किलोबिट, मग त्यावरून कुणी सौदा ठरवो की सासूची तक्रार करो. युरोपनं असे ३२ कप्पे एकत्र बांधले, त्याला ई-वन म्हणतात आणि भारतानं तोच घेतला. त्यातल्या ३० कप्प्यांत माणसं बोलतात, एक कप्पा ताल धरायला आणि एक घंटी वाजवणं, फोन उचलणं-ठेवणं असल्या निरोपांना. एकूण सेकंदाला २०,४८,००० बिट. हा २०४८ पाहून साठवणाऱ्या जमातीच्या तोंडाला पाणी सुटतं. १,०२४ ची दुप्पट! मिळालं आपलं माणूस! पण फसगत आहे ती. इथला किलो काटेकोर हजाराचा, आणि २,०४८ हे ३२ गुणिले ६४ मधून निघालेत. आठने भागलं तर २,५६,००० बाइट. ते साठवणाऱ्यांच्या मापानं बरोबर २५० किलोबाइट. हजाराच्या हिशेबातला आकडा १,०२४ च्या घरातला दिसतो आणि १,०२४ च्या हिशेबात टाकला की गोल, हजारी वळणाचा होतो. असा आकडा जाणूनबुजून कुणी शोधू म्हटलं तरी सापडायचा नाही.

अमेरिकेनं अर्थातच वेगळं केलं. तिथला टी-वन १९६२ पासूनचा: २४ फोन, प्रत्येकी आठ बिट म्हणजे १९२, वर तालासाठी एक, एकूण १९३, गुणिले ८,०००, बरोबर १५,४४,००० बिट. घंटी वाजवायला वेगळा कप्पा ठेवला नाही. मग घंटी कशी वाजवायची? तर दर सहाव्या फेरीत प्रत्येकाच्या आवाजातला एक बिट हळूच काढून घ्यायचा. बोलणाऱ्याच्या कानाला कळत नाही. या प्रकाराला अभियंते कागदोपत्री, विनासंकोच "लुटलेला बिट" म्हणतात. इतका प्रामाणिक शब्द कुठल्याच हिशेबपट्टीत मी पाहिलेला नाही. आवाजाला त्यानं फरक पडला नाही, पण त्या कप्प्यातून संगणकाची माहिती पाठवायची तर कुठला बिट लुटला जाईल याचा भरवसा नाही. म्हणून आठवा बिट सोडूनच द्यायचा, सातच वापरायचे. सात गुणिले ८,०००, झाले ५६,०००. पुढे घरोघरी जो ५६ के मोडेम आला, त्याच्या ५६ मागेही हेच सात बिट उभे आहेत. अमेरिकेत तर तारेवरच्या विजेच्या मर्यादेमुळे तो ५३ च्या पुढे जायचा नाही. खोक्यावर मात्र ५६.

ई-वनचे चार एकत्र केले की पुढचा टप्पा येतो. चार गुणिले २.०४८ म्हणजे ८.१९२. खात्याचा आकडा ८.४४८. त्याचे चार, ३३.७९२, खात्याचा ३४.३६८. दर पायरीला थोडं जास्तच. मी काकांना विचारलं, हे वरचे बिट कुणाचे? तर म्हणाले, "कुणाचेच नाहीत. भरतीचे." चार गावांची चार घड्याळं अगदी तंतोतंत जुळत नाहीत, एखादं गाव हळू असतं. त्याचे बिट वेळेवर आले नाहीत की रिकाम्या जागी नुसतेच बिट कोंबायचे आणि पलीकडे काढून टाकायचे. मी ज्या कचेऱ्या पाहिल्या आहेत, त्यांत हीच पद्धत माणसांच्या बाबतीत वापरतात.

आता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे. भाच्याच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर वेग लिहिलेला असतो "६३३ एक्स". त्याला विचारलं, एक्स म्हणजे काय? म्हणाला, "मामा, फास्ट." मी खोदत गेलो आणि जे निघालं त्यानं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं.

एक्स म्हणजे जुन्या सीडीचा वेग. पहिली सीडी गाण्यांची. गाण्यासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे ठरलं. ४४,१००च का? कारण सुरुवातीला अंकांत बदललेला आवाज व्हिडिओ टेपवर, टीव्हीचं चित्र असल्याचं सोंग घेऊन नोंदवत. टीव्हीच्या प्रत्येक रेघेत तीन नमुने, कामाला येणाऱ्या २४५ रेघा, सेकंदाला ६० वेळा: ४४,१००. युरोपच्या टीव्हीत रेघा २९४, पण सेकंदाला ५० वेळा: पुन्हा ४४,१००. दोन खंडांचं एकमत झालेला हा विरळा प्रसंग. दोन कानांसाठी दुप्पट, प्रत्येक नमुन्याला दोन बाइट, झाले सेकंदाला १,७६,४०० बाइट. ते ७५ तुकड्यांत विभागले. पुढे गाण्यांच्या जागी संगणकाची माहिती ठेवायची ठरली, तेव्हा एकेक तुकड्यातल्या २,३५२ बाइटांपैकी ३०४ चुका दुरुस्त करण्याच्या आणि हद्द आखण्याच्या खर्चाला गेले, कारण गाण्यात एखादा सूर हुकला तर चालतो, पगारपत्रकात चालत नाही. उरले २,०४८. गुणिले ७५, म्हणजे १,५३,६०० बाइट. १,०२४ च्या मापानं चोख १५० किलोबाइट. हा झाला एक एक्स: गाणं ज्या चालीनं वाजतं त्या चालीनं डिस्क फिरली तर मिळणारी माहिती. नंतर ड्राइव्ह ५२ एक्सपर्यंत पोचले. ते सुरू झाले की टेबलावरच्या पेनांना कंप सुटायचा.

मग डीव्हीडी आली आणि तिनं आपला एक्स वेगळा काढला, सुमारे १३.८५ लाख बाइटांचा, म्हणजे सीडीच्या एक्सच्या नऊपट. त्यामुळे १६ एक्सची डीव्हीडी ५२ एक्सच्या सीडीपेक्षा पावणेतीन पट वेगवान. दुकानात हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणाऱ्या पोरांचे हाल मी पाहिले आहेत. आणि मेमरी कार्डवाल्यांनी यातला कुठला एक्स घेतला? सीडीचा. फक्त १,०२४ चा किलो टाकून हजाराचा धरला. ६३३ गुणिले १५०, म्हणजे सेकंदाला ९५ एमबी. तर मंडळी, सांगलीतल्या मंगल कार्यालयात अक्षता पडत असताना जे कार्ड ते टिपतं, त्याचा वेग मोजला जातो तो अमेरिकी टीव्हीच्या २४५ रेघांवरून, व्हाया एक गाणं, जे त्या कार्डात वाजत नाही. भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे फास्टच ना?"

काकांनी शांतपणे त्याचा एक्स आठाने गुणला. १२,२८,८०० बिट. "म्हणजे तुमची ती सीडी," ते म्हणाले, "आमच्या एका टू एमबीत आरामात गेली असती. वर दहा-बारा फोन चालले असते." चहा तेव्हाच उकळला म्हणून बरं.

साठवणाऱ्यांच्या जुन्या पिढ्यांत तर बिट म्हणजे बाइट असंही चालत असे. मोठ्या संगणकांच्या जाड टेपवर लिहिलेलं असायचं ६,२५० बीपीआय, इंचाला ६,२५० बिट. पण टेपवर नऊ पट्टे शेजारी शेजारी धावत. आठ मालाचे, एक तपासनिसाचा. एका पट्ट्यावर एक बिट, म्हणजे आडवा धरला तर एक बाइट. सबब इंचाला बिट म्हणायचं आणि बाइट समजायचं. टेप सेकंदाला १२५ इंच पळाली तर ७,८१,२५० बाइट, आणि आठाने गुणून पाठवणाऱ्यांच्या भाषेत ६२,५०,००० बिट. सुरुवातीचा ६२५० पुन्हा जसाच्या तसा अवतरला, कारण १२५ गुणिले ८ म्हणजे १,०००. यात अर्थ शोधू नये.

फ्लॉपीबद्दल थोडक्यात. १.४४ एमबीची म्हणून जी विकली गेली, तिच्यात मावतात १४,७४,५६० बाइट. पाठवणाऱ्यांच्या मापानं ते १.४७, साठवणाऱ्यांच्या मापानं १.४१. मग १.४४ कुणाच्या मापानं? कुणाच्याच. किलोला १,०२४ धरलं आणि किलोचे मेगा करताना १,००० धरलं, तर येतात. म्हणजे अर्धी वाट एका जमातीबरोबर, अर्धी दुसऱ्या. लाखो फ्लॉप्यांवर हा आकडा छापला गेला आणि एकाही गिऱ्हाइकानं पावती फाडली नाही.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र फाडली. एक टेराबाइटची डिस्क आणायची, संगणकाला लावायची आणि पडद्यावर ९३१ वाचायचे, हा अनुभव जगभर घेतला गेला. किलोच्या पायरीवर दोन मापांतला फरक अडीच टक्क्यांच्या आत असतो, मेगावर पाचाच्या आत. टेरावर तो दहाला टेकतो. आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगानं १९९८ मध्ये १,०२४ वाल्यांसाठी किबी, मेबी, गिबी अशी नवी नावं मंजूर केली. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, पण हाक मारताना बहुतेक घरांत जुनंच नाव चालू राहिलं. २००७ साली सीगेट कंपनीनं अमेरिकेत याच फरकावरून गिऱ्हाइकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड केली. ॲपलनं २००९ मध्ये संगणकालाच हजारानं मोजायला शिकवलं, आणि त्या रात्री झोपलेल्या डिस्का सकाळी फुगलेल्या सापडल्या. विंडोज अजून १,०२४ वर ठाम आहे. मला त्याचं कौतुक वाटतं. चुकीच्या नावानं का होईना, इतकी वर्षं एकच माप धरून राहणारा दुसरा कोण आहे?

डिस्कवाल्यांनी पाठवणाऱ्यांचा हजार उचलला, तसा त्यांचा भागाकारही बिघडवला. साटा नावाच्या केबलचा पहिला वेग दीड गिगाबिट. आठने भागून १८७ एमबी? नाही, १५०. इथेही दहाने. कारण तारेत बराच वेळ नुसतीच शून्यं गेली तर पलीकडच्याचा ताल चुकतो, म्हणून आठ बिटांना दहा बिटांचा वेश चढवून पाठवायचं. पहिल्या पिढीच्या ५ गिगाबिटवाल्या यूएसबी ३ चंही तेच, ५०० एमबी. केबलवाल्या पोराला हे सांगितलं तर तो "दहाने भागा" म्हणायला लागेल, आणि मग आमच्या इमारतीत जी शांतता कशीबशी नांदते आहे तीही जाईल.

सरकारलाही या भागाकारात उतरावं लागलं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं ठरवलं की किमान २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणावं. सेकंदाला ३२ किलोबाइट. एका सीडीइतका ऐवज उतरवायला सहा तासांहून जास्त. लोक रात्री लावून झोपत आणि पहाटे देवाआधी संगणकाचं दर्शन घेत. २०१३ मध्ये ५१२ झाले, २०२३ मध्ये २ मेगाबिट. काकांनी हे आकडे ऐकले आणि बोटांवर मोजले. २५६ म्हणजे चार फोन. ५१२ म्हणजे आठ. आणि २ मेगाबिट म्हणजे... त्यांनी एकदम मान वर केली. "अरे, टू एमबी! ज्या जोडणीवर अख्ख्या तालुक्याच्या गप्पा चालायच्या, ती आता प्रत्येकाच्या घरात किमान?" भाचा म्हणाला, "हो, आणि तरी रील अडकतं." काकांना रील म्हणजे टेपचं रीळ वाटलं आणि त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. त्या दोघांचं पूर्ण एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

ज्या पट्टीत आठ, दहा, अकरा, १,००० आणि १,०२४ असे पाचही भाजक बिनकामाचे ठरतात, अशी एक नोंद मला मुद्दाम सांगायची आहे. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीनं आपल्या मंद जोडणीला वैतागून विन्स्टन नावाच्या टपाली कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधलं आणि त्याला हॉविकहून डर्बनकडे सोडलं. कबुतर ६८ मिनिटांत पोचलं. कार्डातली माहिती संगणकात उतरवेपर्यंत एकूण २ तास ६ मिनिटं ५७ सेकंद लागले. तेवढ्या वेळात तारेवरून ४ टक्के माहिती गेली होती. मी तत्काळ कागद घेतला. सेकंदाला सुमारे ४२ लाख बिट. म्हणजे विन्स्टन दोन ई-वनना भारी आहे. सीडीच्या मापानं तो ३.४ एक्सचा, डीव्हीडीच्या मापानं अर्ध्या एक्सचाही नाही. २०२३ च्या सरकारी व्याख्येनुसार तो ब्रॉडबँडमध्ये बसतो, दुपटीनं बसतो.

काकांनी कागद वाचला आणि विचारलं, "बॉड किती?"

प्रश्न रास्त होता. अख्ख्या प्रवासात खूण एकदाच बदलली: कबुतर नव्हतं, कबुतर आलं. म्हणजे ७,६१७ सेकंदांना एक खूण, आणि त्या एका खुणेच्या पाठीवर ३,२०० कोटी बिट. टपावर चार बसवून फुशारकी मारणाऱ्या मोडेमवाल्यांनी हे पाहायला हवं होतं. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग त्यांनी खात्यातल्या माणसाला सुचेल तोच एक दोष काढला: टपाली कबुतर फक्त घराकडे उडतं. डाउनलोड ४२ लाख बिट, अपलोड शून्य. उलट दिशेनं काही पाठवायचं तर आधी त्याला पिंजऱ्यात घालून टेम्पोनं हॉविकला नेऊन सोडावं लागणार.

"मग टेम्पोचा वेग धरा की," भाचा म्हणाला. "साठ."

"साठ काय?" काकांनी विचारलं. "किलो की किबी?"